तोडीने राखलेले वन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बखरी, रुमाल, ताम्रपट, शिलालेख अशी मालिका उभी राहते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या कागदांकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटली. परंतु एखादे रान हेदेखील दप्तर असू शकते, त्याचे बांध, त्यातील खुंट, त्याच्या तळाशी उगवणारी फुले हे सारे पुराव्यादाखल वाचता येते, आणि हा पुरावा प्रसंगी छापील इतिहासालाही खोटे पाडतो, ही कल्पना आपल्याकडे अद्याप फारशी रुळलेली नाही. इंग्लंडात ती रुळविण्याचे श्रेय मुख्यत्वे केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजातील ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जाते. एका हातात मध्ययुगीन लॅटिन कागद आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी घेऊन हा गृहस्थ आयुष्यभर रानोमाळ हिंडला. त्यांचे ग्रंथ वाचल्यामुळेच, विलायतेच्या मुक्कामात लंडनचे राजवाडे व संग्रहालये आटोपल्यावर, सफक परगण्यातील ब्रॅडफील्डच्या रानाकडे आमची पावले वळली.

हे रान बेरी सेंट एडमंड्स या गावाच्या आग्नेयेस सुमारे सात मैलांवर आहे. त्याच्याकडे जाताना वाटेवर डोंगर नाही, दरी नाही, प्रवाशाने थबकून पाहावे असे काहीच नाही. गव्हाची विस्तीर्ण शेते आणि त्यांच्या टोकाला झाडांची एक काळसर रेघ. आपल्याकडील महाबळेश्वर-आंबोलीच्या रानांची सवय असलेल्या डोळ्यांना हे रान प्रथमदर्शनी थिटेच वाटेल. चार-दोन तासांत त्याला वळसा घालून परत येता येते. आम्ही गेलो ते एप्रिलच्या अखेरीस. ओकला पालवी फुटत होती, अ‍ॅशचे वृक्ष मात्र अजून उघडेबोडके होते, आणि त्यांच्या पायथ्याशी ऑक्सलिपची फिकट पिवळी फुले घोसांनी डुलत होती. (ओक हे नाव मराठी कानाला झाडापेक्षा एखाद्या कोकणस्थ कुटुंबाचेच वाटते, हे वाचकांनी मान्य करावे.) ही ऑक्सलिप मोठी मानी वनस्पती आहे. पूर्व इंग्लंडातील चिकणमातीच्या थोड्याशा पट्ट्यातच ती आढळते, आणि नव्या रानात सहसा पाऊल टाकीत नाही. जिथे ती विपुल आहे ते रान जुने, असा अंदाज बांधायला हरकत नसते. कागदाला जसा लाखेचा शिक्का, तशी या रानांना ही फुले.

रानात शांतता होती. दूरवर एखादा पक्षी बोले, क्वचित सुतारपक्ष्याची टकटक ऐकू येई, आणि पुन्हा सारे स्तब्ध. अशा स्तब्धतेत शिरलेल्या प्रवाशाच्या मनात सहजच येते, की मनुष्याचा हात न लागलेली आदिम सृष्टी ती हीच. इतिहास नेमका याच्या उलट सांगतो. या रानाला मनुष्याचा हात किमान पावणेआठशे वर्षे अखंड लागत आला आहे. इतकेच नव्हे, तर तो लागत आला म्हणूनच हे रान उभे आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी उसाच्या खोडव्याचा दृष्टान्त पुरे आहे. ऊस तोडला तरी त्याचे खोड जमिनीत जिवंत राहते, त्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि नवी लागण न करता दुसरे पीक हाती येते. अ‍ॅश, हेझल, मेपल, लिंडन, अ‍ॅल्डर या इंग्लंडच्या मूळच्या वृक्षांचा स्वभाव असाच आहे. हिवाळ्यात जमिनीलगत तोड केली की पुढच्या वसंतात खुंटाला डझनावारी फुटवे येतात, ते सरळ आणि झपाट्याने वाढतात, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा तोडता येतात. या पद्धतीला इंग्रजीत कॉपिस म्हणतात. उसाचा खोडवा दोन-तीन तोडींनंतर थकतो. अ‍ॅशचा खुंट थकत नाही. न तोडलेला अ‍ॅश दोनएकशे वर्षांत सहसा आपले आयुष्य संपवितो, पण वारंवार तोडलेला खुंट बाहेरच्या अंगाने पसरत जातो आणि शतकानुशतके जगतो. ब्रॅडफील्डच्या रानातील अशा एका खुंटाचा व्यास सुमारे अठरा फूट असून त्याचे वय हजार वर्षांच्या घरात असावे, असा रॅकम यांचा अंदाज होता. मधला भाग केव्हाच कुजून गेलेला आणि कडेने कोवळ्या काठ्यांचे वर्तुळ, असे हे खुंट दिसतात. विजयनगरची स्थापना व्हायची होती, देवगिरीच्या यादवांचे राज्य उदयाला यायचे होते, तेव्हाचा हा जीव दर वीस-पंचवीस वर्षांनी नवा कोंब काढून उभा राहतो आहे. ब्रिटनमधील अत्यंत पुरातन सजीवांमध्ये त्याची गणना होत असली, तरी ज्याला कोणी वृक्ष म्हणून दाखवील असे त्यात काही नाही.

ही विद्या मध्ययुगाचीही नव्हे. सॉमरसेट परगण्यात दलदलीवर लाकडे रोवून बांधलेली एक पायवाट सापडली आहे. तिच्यातील लाकडांच्या वर्तुळांवरून ती इ. स. पूर्व ३८०७-०६ च्या हिवाळ्यातील तोडीची ठरली, आणि तिच्यातील सरळसोट काठ्या पाहता त्या काळीही लोक फुटव्यांचा उपयोग जाणत होते असे दिसते. मध्ययुगापर्यंत इंग्लंड घनदाट अरण्याने आच्छादलेले होते, ही रॉबिन हुडाच्या कथांनी दृढ केलेली समजूतही टिकत नाही. विजेत्या विल्यमने १०८६ साली करविलेल्या मुलखाच्या मोजदादीवरून रॅकम यांनी हिशेब केला, तेव्हा त्या वेळी देशाचा जेमतेम पंधरा टक्के भाग झाडीखाली होता असे निघाले. म्हणजे आपण ज्याला प्राचीन रान म्हणतो ते त्या काळीच शेतांमधले बेट होते, आणि बेट म्हणूनच त्याला मोल होते.

ब्रॅडफील्डचे मालक होते बेरी सेंट एडमंड्स येथील बेनेडिक्टाइन मठाचे संन्यासी. मठ १५३९ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मोडला गेला. त्याचे भग्नावशेष आज गावातील बागेत उभे आहेत, आणि त्या पडक्या भिंतींतून मुले चेंडू खेळतात. या मठाच्या रानातील तोडीची कागदोपत्री नोंद १२५२ पासून मिळते. शेजारच्या केंब्रिज परगण्यातील हेली नावाच्या रानाची नोंद त्याच्याही एक वर्ष आधीची, १२५१ ची आहे. ईलीच्या बिशपने करविलेल्या मिळकतींच्या पाहणीत हे रान ऐंशी एकरांचे लिहिले आहे, आणि आजही त्याचा आकार जवळजवळ तोच भरतो. आपल्याकडील एखाद्या इनामपत्रातील चतुःसीमा आज जागेवर तंतोतंत जुळावी, तसाच हा प्रकार.

मठवासी आणि बिशप या रानांना किती जपत, याची एक कथा जोसेलिन नावाच्या संन्याशाने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. पुढे कार्लाइलच्या 'पास्ट अँड प्रेझेंट' (१८४३) मधून ती सर्वतोमुखी झाली. सॅमसन हा ११८२ पासून या मठाचा अधिपती होता. ईलीचा बिशप जेफ्री रिडेल याला आपल्या इमारतींसाठी मोठे लाकूड हवे होते. नकार देणे सॅमसनला अवघड, आणि देणे जिवावर आलेले. परंतु बिशपच्या दूताने गावाच्या नावात घोटाळा केला. एल्मसेटऐवजी त्याने एल्म्सवेल म्हटले, आणि एल्म्सवेलला तसे लाकूडच नव्हते. अधिपती बुचकळ्यात पडला, तोच त्याच्या रानरक्षकाने हळूच कानावर घातले, की बिशपच्या सुतारांनी आठवड्यापूर्वीच एल्मसेटला येऊन झाडे हेरून खुणा करून ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सॅमसनने मोठ्या उदार मनाने एल्म्सवेलची परवानगी देऊन दूताला वाटेला लावले, आणि स्वतः एल्मसेटला जाऊन त्या सर्व झाडांवर व आणखी शंभरांवर आपली खूण ठोकून ती तातडीने तोडविली. बिशप हात चोळीत बसला. धर्मपुरुषांच्या या व्यवहारचातुर्यावर कार्लाइलने हसून घेतले आहे. आमच्या मते त्या कथेचे खरे मर्म रानरक्षकाच्या कानगोष्टीत आहे. कोणत्या रानात कोणाचे सुतार केव्हा फिरून गेले, याची खडान् खडा माहिती ठेवणारा पगारी मनुष्य बाराव्या शतकात तिथे होता.

त्या मोठ्या ओकांचे वासे-तुळया होत. ते फुटव्यांच्या मधून विरळ राखले जात, आणि १५४३ च्या कायद्याने तर एकरी निदान बारा अशी झाडे सोडण्याचे व तोडीनंतर काही वर्षे कुंपण घालून गुरे बाहेर ठेवण्याचे बंधन घातले. परंतु रानाचे रोजचे उत्पन्न मोठ्या लाकडाचे नसे, काठ्यांचे असे. सरपण त्यातूनच मिळे. मेंढ्या कोंडण्याचे ताटवे, गवत ओढण्याची दाताळी, लांब दांड्याच्या विळ्यांचे दांडे, छपराचे गवत खिळवून ठेवणाऱ्या कामट्या, वेलांना आधाराच्या काठ्या, सारे याच रानातून निघे. सफकमधील जुनी घरे पाहताना आम्हाला कोकणातील कुडाच्या भिंती आठवल्या, आणि ती आठवण निव्वळ घरच्या ओढीने आलेली नव्हती. लाकडी चौकटीत हेझलच्या काठ्या विणायच्या आणि त्यांवर माती, शेण, पेंढा यांचा गिलावा द्यायचा, ही तिकडची रीत. आपल्याकडे हेझलच्या जागी कारवी. सह्याद्रीतील कातकऱ्याला त्या घराच्या उघड्या पडलेल्या भिंतीपुढे उभे केले, तर त्याला दुभाष्याची गरज पडणार नाही.

रानाभोवती मातीचा रुंद बांध आहे आणि त्याच्या बाहेरच्या अंगाने चर. आज तो पावसाने झिजून कमरेएवढा उरला आहे, परंतु त्याच्या नागमोडी वळणांवरून तो किती जुना ते जाणत्याला कळते. सरळ रेषेतले बांध अलीकडचे. गुरे आत येऊ नयेत म्हणून हा खटाटोप, कारण तोडीनंतरचे कोवळे फुटवे गुरांनी खाल्ले म्हणजे सारेच संपले. येथे एक गैरसमज टाळायला हवा. मठाचे रान म्हणजे काही रामराज्य नव्हते. सरपणाची मोळी चोरून नेणाऱ्या गोरगरिबांना केलेल्या दंडांनी तत्कालीन जमीनदारी न्यायसभांच्या वह्या भरल्या आहेत. मात्र एक गोष्ट खरी. तिथे वन आणि तोड हे परस्परांचे वैरी मानले जात नव्हते. तोडलेल्या तुकड्यात ऊन पडे, जमिनीत निद्रिस्त असलेले बी जागे होई, दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात फुलांचा नुसता गालिचा पसरे, आणि पुढे दाट झालेल्या झुडपांत नाइटिंगेल घरटे करी. एक तुकडा मिटत असता दुसरा उघडे. हे चक्र शतकानुशतके फिरत राहिले. आज आपण जिला शांतता म्हणतो ती त्या रानाच्या आयुष्यातील नवी गोष्ट आहे. एके काळी तेथे हिवाळाभर कुऱ्हाडींचे घाव, गाड्यांची खडखड आणि माणसांची हाकाटी चालू असे.

मग इंग्लंडची जुनी राने गेली कुठे? शाळेतील क्रमिक पुस्तके सांगत, की ओक गेले आरमाराच्या गलबतांत आणि उरलेली झाडी लोखंडाच्या भट्ट्यांत. रॅकम यांनी या दोन्ही गोष्टींची चांगलीच उलटतपासणी केली. भट्ट्यांना कोळसा लागे तो फुटव्यांचा, आणि तो कायम मिळावा म्हणून भट्टीवाले आपली राने जपत. जेथे लोखंडाचा धंदा जोरात होता त्या दक्षिणेकडील वील्ड भागातच आज सर्वाधिक जुनी झाडी शिल्लक आहे. आरमाराची मागणीही बोलली जाते तेवढी मोठी नव्हती. शिवाय पुढे त्या मागणीचा काही भार आपल्या सागाने उचलला, हे मुंबईच्या वाडिया घराण्याच्या गोदीचा इतिहास जाणणाऱ्यांना सांगायला नको. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूल बंदरी तरंगत आहे.

रानांवर खरे संकट आले ते त्यांची गरज संपली तेव्हा. एकोणिसाव्या शतकात आगगाडीने खाणीचा कोळसा खेडोपाडी पोहोचविला. सरपण संपले, कुडाची घरे संपली, तारेचे कुंपण आले. हेलीच्या रानातील तोड विसाव्या शतकाच्या आरंभानंतर लवकरच थांबली, आणि १९६० च्या दशकात तेथील निसर्गप्रेमींच्या संस्थेने रान विकत घेऊन ती पुन्हा सुरू करीपर्यंत ते झाकोळत गेले. आणि ज्याची कोणाला गरज नाही ते उपटायला कोण हरकत घेणार? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसएक वर्षांत, धान्योत्पादनाच्या उत्साहात आणि सरकारी अनुदानांच्या आधाराने, शेकडो राने बुलडोझरने उखडली गेली. इतर कित्येकांतील ओक-अ‍ॅश विष घालून मारले गेले, आणि त्यांच्या जागी लवकर वाढणारे परदेशी सूचिपर्णी वृक्ष ओळीत लावण्यात आले. १९३० च्या सुमारास उभ्या असलेल्या प्राचीन रानांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अर्धशतकात असा निकाल लागला. ज्या रानांनी नॉर्मन पाहिले, प्लेग पाहिला, यादवी पाहिली, त्यांना सुखवस्तू शांततेचा काळ भोवला.

ब्रॅडफील्डही यातून सुटले नाही. रानाचे दोन भाग होते. त्यांपैकी मठाचे जुने हरिणवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाचा मोठा हिस्सा १९६० च्या दशकात नांगराखाली गेला. उरलेले वाचले ते १९७० साली एका निसर्गरक्षक संस्थेने खरेदी केल्यामुळे आणि गावकऱ्यांनी आवाज उठविल्यामुळे. हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, की इतर राने ओस पडली तेव्हाही येथील तोड बंद पडली नव्हती. जवळच दाताळी व दांडे करणारा एक कारखाना होता आणि त्याला या रानाच्या काठ्या लागत. सांप्रत हे रान राष्ट्रीय संरक्षित निसर्गक्षेत्र असून सफकमधील वन्यजीवरक्षक संस्था त्याची व्यवस्था पाहते. पावणेचारशेच्या आसपास वनस्पतींच्या जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

हा सारा वृत्तान्त वाचताना मराठी मनुष्याला आपल्या कोकणातील राबाचा तंटा आठवल्यावाचून राहत नाही. १८७८ च्या वनकायद्याच्या मसुद्यावर पुण्याच्या सार्वजनिक सभेने आक्षेप घेतले होते. पुढे ठाणे-कुलाब्याकडील लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली, की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशी मंडळ नेमावे लागले. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला झाडांच्या टहाळ्या तोडणे हा शेतकऱ्याचा वहिवाटीचा हक्क की वनाचा विध्वंस, हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. राबाने झाडांचे नुकसान मुळीच होत नव्हते असे आमचे म्हणणे नाही. परंतु टहाळी तोडणारा प्रत्येक हात शत्रूचा, हे गृहीत घेऊन जे शास्त्र येथे आले त्याचा जन्म इंग्लंडच्या खेड्यात झाला नव्हता. येथील वनखात्याचे पहिले दोन प्रमुख, ब्रँडिस आणि श्लिश, जर्मन होते. इंग्लंडात वनविद्येचे रीतसर शिक्षण सुरू झाले तेही १८८५ साली, कूपर्स हिल येथे, आणि हिंदुस्थानच्या नोकरीत पाठवायचे अधिकारी घडविण्यासाठी! स्वतःच्या परसातील तोडणाऱ्याची जुनी विद्या त्या अभ्यासक्रमाच्या फारशी गावीही नव्हती, आणि पुढे १९१९ साली इंग्रजांनी स्वदेशासाठी वनमंडळ स्थापिले तेव्हा सरळ ओळींतल्या लागवडीचीच दृष्टी घरी परतली. साम्राज्याचा हा उलटा प्रवास आमच्या पाहण्यातील इतिहासग्रंथांत क्वचितच नोंदलेला आहे.

आता 'मूळचे' म्हणजे काय, याविषयी दोन शब्द. हिमयुग सरल्यावर आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी समुद्राने ब्रिटनला युरोपापासून तोडण्यापूर्वी जे वृक्ष आपल्या पायांनी तेथे पोहोचले ते मूळचे, आणि माणसाने नंतर आणले ते परके, अशी तेथील व्याख्या आहे. सिकॅमोर वृक्षाला इंग्लंडात राहून काही शतके लोटली, त्याची पोरेबाळे प्रत्येक कुंपणात उगवतात, तरी त्याला अजून परकाच म्हणतात. महाराष्ट्राबाहेर चार-चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्यांना या काटेकोरपणाची थोडी गंमत वाटते. परंतु काही पाहुणे मात्र खरोखरच जड जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी वोबर्नच्या सरदारी उद्यानातून मुंटजॅक नावाचे बुटके हरीण सुटले व सोडलेही गेले. हे आपल्या भेकराचे चिनी भाऊबंद. ते आज दक्षिण इंग्लंडभर पसरले असून फुले आणि कोवळे फुटवे यांवर ताव मारते. नव्याने तोडलेल्या तुकड्याभोवती आम्ही उंच जाळ्या लावलेल्या पाहिल्या. मध्ययुगातील बांध-चर गुरांसाठी होते, या जाळ्या हरणांसाठी. दरम्यान ब्रिटनमधील नाइटिंगेलची संख्या १९६० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आहे, आणि दाट झुडपे हरणांनी खाऊन विरळ होणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

दुसरे संकट याहून गंभीर आहे. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीने अ‍ॅशचे शेंडे वाळतात आणि हळूहळू झाड मरते. ब्रिटनच्या रानात हा रोग प्रथम आढळला तो २०१२ साली, सफकला लागून असलेल्या नॉरफक परगण्यातील एका प्राचीन रानात. आता तो देशभर झाला आहे. वाटेवर एका मोकळ्या जागेत एक वृद्ध कामकरी हेझलच्या काठ्या उभ्या चिरीत बसले होते. कोयत्यासारखे हत्यार, मांडीवर कातड्याचा तुकडा, आणि शेजारी कामट्यांचा नीट रचलेला ढीग. छपरे शाकारणाऱ्यांकडून अजून मागणी येते, असे त्यांनी सांगितले. अ‍ॅशविषयी विचारले तेव्हा त्यांनी हातातील काम न थांबविता मानेनेच एका खुंटाकडे निर्देश केला. गेल्या हिवाळ्यात तोडलेला तो रुंद खुंट होता. त्याच्या एका अंगाला बोटभर लांबीचे काळसर कोंब आलेले दिसत होते, दुसऱ्या अंगाला काहीच नव्हते. काही अ‍ॅश या रोगाला दाद देत नाहीत असे आढळले आहे, त्यामुळे कोणताही खुंट सरसकट उपटायचा नाही, असे येथे ठरले असल्याचे ते म्हणाले. पुढील हिवाळ्यात तोडायच्या तुकड्याच्या कडेला खुंट्या रोवून झाल्या होत्या. त्यातही अ‍ॅशच अधिक होते.